सासूबाईंचा तिसरा हात

दिवसा मी एका दवाखान्यात केसपेपर शोधून देतो. उरलेल्या वेळात मी बिनपगारी फुल अधिकारी असतो. लिनक्सच्या एका मोफत प्रणालीसाठी मी एका सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधतो. सॉफ्टवेअर लिहिलंय हुशार माणसांनी; ते एका आज्ञेत कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसेल एवढंच मी बघतो. त्याचं काम म्हणजे दोन फोटो असे जोडायचे की सांधा दिसू नये. बायको मला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणते. मग मी तिला मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान समजावतो आणि तेवढ्यात तिच्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घालून होतात.

पॅकेज तपासायला नमुन्याचे फोटो लागतात. सहा वर्षांपूर्वी मी हाताशी होते तेच त्यात घातले. सासुरवाडीच्या अरुंद खोलीत अकरा माणसं, म्हणून अर्धी एका फोटोत, अर्धी दुसऱ्यात. जोडल्यावर सगळे छान आले, फक्त मध्ये बसलेल्या सासूबाईंना तीन हात फुटले. दोन मांडीवर, एक बाजूला लांबवलेला. मी लगेच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे तक्रार ठोकली. ‘मध्ये कोणीतरी हललं असेल,’ असं त्यांनी कळवलं. मी सहा वर्षं त्यांच्याशी वाद घालतोय.

गेल्या सोमवारी प्रणालीच्या तपासनीस बाईंचं पत्र आलं. ‘परवान्याच्या फाइलीत फोटोंचे मालक म्हणून तुमचं नाव आहे. पण तुमच्या खात्यावरच्या फोटोवरून, मधल्या बाईंच्या शेजारी तोंड उघडं टाकून बसलेले गृहस्थ तुम्हीच ना? मग फोटो कोणी काढले? फोटो बदलायची मुदत संपली आहे. शुक्रवारपर्यंत खऱ्या मालकाची लेखी परवानगी आली नाही, तर पॅकेज काढून टाकू.’

मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो काढले होते सासऱ्यांनी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मी घाईघाईत सगळ्या रकान्यांत स्वतःचंच नाव भरलं होतं. जगात माझ्या नावावर हे एकच पॅकेज. ते गेलं की मी नुसता केसपेपरवाला.

फोटोंचा हक्क आता सासूबाईंचा, म्हणून बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि परवान्याचा अर्थ वाचून दाखवला. कोणीही या फोटोची नक्कल करावी, बदल करावा, तो विकावा. हमी मात्र कसलीही नाही.

“ह्यांनी तरी मला कुठे हमी दिली होती?” त्या म्हणाल्या. “करते सही. पण मालक म्हणून नाव कोणाचं घातलंय?”

“माझं, आई.”

“बघ, नागोबाच!” बायको खदखदून हसली.

सासूबाई हसल्या नाहीत. “ह्यांचं घाला,” एवढंच म्हणाल्या. मला फार लाज वाटली. ती लपवायला मी स्क्रीनवर बोट ठेवलं. “हा तिसरा हात दिसतोय ना, ती सॉफ्टवेअरची चूक आहे. मी तक्रार केलीय.”

त्यांनी चष्मा लावला. “चूक कसली? दुसऱ्या फोटोच्या वेळी हे ओरडले, जावई अर्धेच येतायत. मग मी तुम्हाला दंडाला धरून आत ओढलं. तुम्ही कॉम्प्युटरबद्दल काहीतरी सांगत होतात, तुम्हाला कुठलं कळायला!”

मी फोटो मोठा केला. त्यांची बोटं माझ्या बाहीत रुतलेली होती. सहा वर्षं मी तो हात मोजत होतो, तो कुणाला धरतोय हे कधी पाहिलंच नव्हतं.

शुक्रवारी फाइलीत सासऱ्यांचं नाव घातलं, सासूबाईंची सही जोडली आणि ती जुनी तक्रार मागे घेतली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: हात खरा आहे, चूक माझी.