सोडलेली जागा

मावसबहिणीचं डोहाळजेवण पुण्याला होतं, दुसऱ्या दिवशी. मी नुकतीच सोलापूरच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि खाजगी आराम गाड्यांची तेव्हा नवलाई होती. हौसेनं अशाच एका गाडीचं तिकीट काढलं.

आदल्या दिवशी सकाळी गाडीत जागेवर जाऊन बसले, तर दाराशी वाद चाललेला. कंपनीनं काही जागा दोनदा विकल्या होत्या. आधी आलेले आत बसलेले, आणि खाली एक बाई तिकीट धरून उभी. जवळच्या कुंभारी गावची होती, काखेत गाठोडं. कंपनीच्या मॅनेजरला सांगत होती, "तिकीट हाय की माज्याकडं. आमचं मालक तितं पुण्यात दवाखान्यात हायेत. उद्या आपरेशन हाय त्यांचं."

मॅनेजरनं आत डोकं घातलं. "कुणी दुपारच्या गाडीनं जाईल का? जागा नक्की देतो."

सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी पिशवी उचलली आणि खाली उतरले. बाईला म्हटलं, "जा, बसा माझ्या जागेवर."

ती पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात मॅनेजरनं तिला हातानं अडवलं आणि मागून आलेल्या एका सफारीवाल्या गृहस्थाला आत सोडलं. तो मॅनेजरच्या ओळखीचा असावा, कारण त्याची बॅगही मॅनेजरनंच आत नेली.

"अहो, मी यांच्यासाठी उतरले," मी म्हटलं.

"तुम्ही जागा सोडलीत ना? मग ती आता आमची. कुणाला द्यायची ते आम्ही बघू."

माझे कान तापले. मी दिलेली वस्तू हा माणूस माझ्यादेखत स्वतःच्या नावानं वाटत होता. बाई नुसती गाठोडं सावरत राहिली. त्यानं तर मी जास्तच पेटले.

तिकीट अजून माझ्याकडेच होतं. मी तशीच वर चढले आणि त्या गृहस्थापुढे जाऊन उभी राहिले. "ही जागा माझी आहे. उठा."

"मला त्यांनी बसवलंय."

"त्यांना विचारा मग. खाली जाऊन."

मागून कुणीतरी कुरकुरलं, "बाई, उशीर होतोय."

"मघाशी उठला असतात तर झाला नसता," मी म्हटलं. मी तिथून हलले नाही. शेवटी तो गृहस्थ उठला. मी बाईला हाक मारली, जागेवर बसवलं, माझं तिकीट तिच्या हातात दिलं आणि गाडी सुटेपर्यंत खाली दाराशी उभी राहिले. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

दुपारच्या गाडीत त्यानं मला जागा दिली नाही. "भरली," एवढंच म्हणाला. एकटीनं रात्रीच्या एसटीनं किंवा रेल्वेनं जायला घरून परवानगी नव्हती. डोहाळजेवण चुकलं.

घरी वडील म्हणाले, "परक्या बाईपायी चारचौघांत भांडायचं कशाला? लोक काय म्हणतील?"

लोक खिडकीबाहेर बघत होते, हे त्यांना सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. त्या रात्री मी जेवले नाही. त्या बाईच्या नवऱ्याचं पुढे काय झालं, ते मला कधीच समजलं नाही. मॅनेजरचा चेहरा मात्र आजही आठवतो, आणि आजही राग येतो.