भिंत कुठे पळत नाही

शिट्टीसर पोहायला शिकवायचे, पण स्वतः पाण्यात उतरायचे नाहीत. वागळे इस्टेटमधली रात्रपाळी संपवून ते ठाण्याच्या तरणतलावावर यायचे आणि हातात लांब बांबू, गळ्यात शिट्टी अशा थाटात काठावरून फिरायचे. "पाण्यात उतरलेला माणूस एकालाच शिकवतो, काठावरचा चाळिसांना," असं म्हणायचे. ऐंशीच्या दशकात आमच्या कोपरीतली बरीच मुलं त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकली.

मधेच मान वर काढून कोणी समोरची भिंत अजून किती दूर आहे ते बघितलं, की बांबू डोक्यावर टेकायचा. "भिंत कुठे पळत नाही! डोकं खाली घाल आणि सरळ मार हात." मग एक लांब शिट्टी. लांब शिट्टी म्हणजे थांबायचं नाही.

मी आळशी. दम लागला की उताणी होऊन तरंगायचे. "ए म्हशी, आईने डुंबायला पाठवलंय का?" सर ओरडायचे. सगळ्यांत जोरात हसायची ती त्यांची मुलगी, वैजू. माझ्याच वर्गातली. ती कधीच थांबायची नाही. तलावावर ती त्यांना बाबा न म्हणता सर म्हणायची.

दहावीची परीक्षा संपल्यावर सर आम्हा मोठ्या मुलांना अलिबागच्या पुढे समुद्रावर घेऊन गेले. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, मधला एक पट्टा शांत होता. सरांनी तोच निवडला. "इथे लाटा नाहीत. इथे उतरा." किनाऱ्यावर आलेलं पाणी अशाच पट्ट्यातून जोरात आत परततं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही कोणाला.

वैजू आणि मी पुढे होतो. पायाखालची वाळू गेली आणि किनारा लांब जायला लागला. "चल ना गं, म्हशी!" एवढं म्हणून वैजूने डोकं खाली घातलं आणि सरळ किनाऱ्याच्या दिशेने हात मारू लागली. वाळूवरून लांब शिट्टी वाजत होती. वाजतच होती. मी थोडे हात मारले, दमले आणि उताणी पडले. ओढीने मला बरंच आत नेलं. पुढे ओढच संपली आणि लाटांनी ढकलत ढकलत मला दूर कुठेतरी वाळूवर आणून टाकलं. वैजूला संध्याकाळी कोळ्यांनी आणलं.

"दम कमी पडला तिचा," असं सर पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. लोक हळहळायचे. मला चीड यायची. तलावावर तिच्याइतका दम कोणाचाच नव्हता, आणि हे सरांइतकं कोणाला माहीत होतं? पण गेलेली मुलगी उलटून बोलत नाही.

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीत पोहायला शिकवू लागले. माझ्याकडे आधी फक्त तरंगणं. समुद्रात ओढ लागली तर तिच्याशी भांडायचं नाही, तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, ओढीतून बाहेर पडेपर्यंत. एका सकाळी सर आले. म्हातारे झाले होते.

"मुलांना झोपायला शिकवतेस?"

"हो, सर."

तास संपेपर्यंत ते थांबले. मग विचारलं, "त्या दिवशी तुला हे कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही. माझा दम संपला होता."

"आणि तिचा?"

"तिचा होता की. तुमची शिट्टी कुठे थांबली होती?"

सरांनी चपला शोधल्या आणि ते गेले. मी पुढच्या तासाच्या मुलांबरोबर पाण्यात उतरले.