मयेकरांचं तोरंजन

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. नळाला पाणी उशिरा आले. इस्त्रीचे कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी. दुपारी ऋजुताचा फोन, घाईतला. चार वाजता मयेकर पपनस घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाचा शिरा त्यांना दिला. त्यातले बेदाणे त्यांनी वेचून बशीच्या कडेला ठेवले.

माझी रोजनिशी अशीच असते. झाले ते लिहायचे, वाटले ते लिहायचे नाही, असे आमच्या शाळेतल्या सिस्टरनी शिकवले होते. ऋजुता माझी मुलगी. ती परदेशी असते. यजमान गेल्यापासून माझ्या वहीत माणसांची नावे कमी आणि वाण्याची, इस्त्रीवाल्याची जास्त येतात. रविवारी मात्र मयेकरांचे नाव असायचे.

प्रभाकर मयेकर आमच्या कोपरीच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. मूळचे मालवणकडचे. बाळकुमच्या एका कारखान्यात ते फिटर होते. कारखाना बंद झाला, त्या जागी मोठमोठे टॉवर उभे राहिले. तिकडून रिक्षा गेली की ते मान दुसरीकडे वळवतात. त्यांची बायको मालन हिने माहेराहून रोप आणून पाण्याच्या टाकीमागे लावले होते. झाड फळाला आले त्याच वर्षी ती गेली. लेक शिवानी डोंबिवलीला असते. तिला नोकरी, मुले, सासू. महिन्यातून एखाद्या वेळी डबा घेऊन येते आणि डबा रिकामा व्हायच्या आत निघते.

त्या झाडाच्या फळाला आम्ही पपनस म्हणतो, ते तोरंजन म्हणतात. गणपतीपासून थंडीपर्यंत झाड लगडलेले असते. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभे राहायचे नाही, हा मालनचा नियम. म्हणून त्या दिवसांत मयेकरांना सगळ्या इमारतीत फिरता यायचे. बाकीचे लोक फळ घेऊन दार लावून घेत. मी आत बोलवायची. ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसत, जाड साल काढत, पांढरा गर खरवडत आणि एकेका फोडीवरचा कडू पापुद्रा अंगठ्याने असा उतरवत, की आतले गुलाबी दाणे मोकळे होत. वर मीठ आणि चिमूटभर तिखट.

सोलताना व्याख्यान चालू. "वहिनी, अर्धं खाल्लं की दिवसभराचं सी व्हिटॅमिन झालं. हिरड्यांना चांगलं. पोट साफ. पाणी भरपूर, साखर बेताची. पोटॅशियम आहे, ते ब्लड प्रेशरला बरं. पेपरात आलेलं."

"आणि पापुद्र्यात काय आहे?"

"पापुद्र्यात कडवटपणा. आमच्या सेक्रेटरीसारखा."

यातले बहुतेक खरे होते. मी पडताळून पाहिले होते. शिवाय त्या दिवसांत माझे पोटही वेळेवर साफ व्हायचे, हे वहीत नोंदवलेले आहे.

त्या रविवारी मी विचारले, "बेदाणे का काढताय? दातात अडकतात का?"

"नाही हो. मागच्या वर्षी स्टेंट घातला ना, तेव्हा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळीवर ग्रेपफ्रूट बंद. म्हणजे द्राक्षं बंद. मग बेदाणे, मनुका कुठून आल्या? द्राक्षातूनच. कोण रिस्क घेणार?" असे म्हणून त्यांनी एक मोठी फोड तोंडात टाकली आणि मांडी चोळू लागले. "दिवाळीच्या आधीपासून पाय असे भरून येतात. जिना चढवत नाही. वय झालं."

मी चमचा खाली ठेवला. आमच्या वसतिगृहात आयरिश सिस्टर होत्या. त्यांच्या न्याहारीच्या ताटात क्वचित एक अर्धे कापलेले फळ असे, वर साखर पेरलेली. लहान पपनसच वाटे. त्याला त्या ग्रेपफ्रूट म्हणत. द्राक्षाशी त्याचा नावापुरताच संबंध. नाते असलेच तर पपनसाशी.

त्या दिवशी मी नुसत्या बशा उचलून आत नेल्या. सांगितले तर त्यांचे फळ बंद होणार. फळ बंद झाले तर रविवार बंद होणार. न सांगावे, तर ते मांडी चोळतच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. ते झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, फळे उतरवत होते.

"मयेकर, ते ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते याच्या जातीचं फळ आहे."

"वहिनी, द्राक्षाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"ग्रेप."

"आणि फळाला?"

"फ्रूट."

"मग झालं की! ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षफळ. चौथीतलं पोर सांगेल. तुम्ही तर कॉन्व्हेंटवाल्या."

"पाइनॅपल म्हणजे पाइनचं सफरचंद का?"

ते हसले, मग हसायचे थांबले. "हे मालनचं झाड आहे. मालनचं झाड मला बाधणार होय?"

"मी तसं म्हणत नाही. काही गोळ्यांशी याचं जमत नाही, गोळीचा जोर वाढतो. पाय त्यानेच दुखतात की कसं, हे मला सांगता येणार नाही. एक फळ घेऊन जा आणि डॉक्टरीणबाईंना दाखवा. तोवर खाऊ नका. गोळी मात्र मनाने थांबवायची नाही."

"माका काय समजत नाय काय?" ते एकदम मालवणीत गेले. आयुष्यात प्रथमच माझ्यावर आवाज चढला होता. पण शिवानीला बोलावून ते गेले. पिशवीत फळ घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी फळ हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, हेही नको. रक्त तपासायला सांगितले. गोळी लागू पडली आहे, ती बदलायची नाही, फळच बंद. हे मला शिवानीने जिन्यात सांगितले. "काकू, बरं झालं तुम्ही बोललात. बाबा रोज एक खायचे हो."

पुढच्या रविवारी चार वाजता मी दार लोटून ठेवले. मयेकर आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. मग मीच खाली गेले. त्यांनी खुर्ची दिली, पंखा लावला.

"पाय कसे आहेत?"

"बरे आहेत. मार्केटपर्यंत जातो आता."

"मग एकदा वर या की."

"येऊ. पण येताना आणू काय? तुमच्याकडे बिस्किटाचा पुडा घेऊन येऊ, पाहुण्यासारखा?"

"काही आणू नका."

"असं कसं?" ते म्हणाले. त्यांचे हात मांडीवर नुसतेच पडलेले होते. खिडकीतून टाकीमागचे झाड दिसत होते. खाली पडलेल्या फळांनी मुले फुटबॉल खेळत होती आणि मयेकर त्यांना ओरडत नव्हते. थोड्या वेळाने मी उठले. त्यांनी आणखी बसा म्हटले नाही, दारापर्यंत मात्र आले.

आज शिवानी वर आली. हातात एक मोठे पपनस. "बाबांनी पाठवलंय. तुमच्या गोळ्यांना चालतं का, ते विचारून मग खा म्हणालेत."

"ते स्वतः नाही आले?"

"फिरायला गेलेत. आता पाय चालतात ना, घरात थांबतच नाहीत."

मी केमिस्टला फोन करून माझ्या गोळ्यांची नावे वाचून दाखवली. त्याने डॉक्टरांनाही विचारून घेतले आणि मला चालेल म्हणून सांगितले. मग जमिनीवर बसवत नाही म्हणून ओट्यावरच वर्तमानपत्र पसरले. संधिवाताच्या बोटांनी ती जाड साल हलेना. सुरी घेतली, ती घसरली. शेवटी कसेबसे दोन तुकडे केले आणि पापुद्र्यासकट एक फोड खाल्ली. कडू लागली.

रविवार, २३ नोव्हेंबर. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार राहिलेली नाही. धारवाला खाली आला तर थांबवणे.