आईच्या गळ्यातली किरणं

आईच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन नगरला झालं. गाठ कॅन्सरची निघाली. उरलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन द्यावं लागेल म्हणून आम्हाला पुण्याला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शिशाच्या जाड डबीतून चिमट्यानं एक साधी कॅप्सूल काढली. हात होईल तेवढा लांब धरलेला.

आई म्हणाली, "तुमी एवढं लांबून धरताय, आन मी गिळायची व्हय?"

बाई हसल्या. "आजी, गळ्यातल्या त्या पेशी आयोडीनच्या हावरट असतात. हे खातील आणि आतल्या आत जळतील. मला त्याचा काही उपयोग नाही, नुसता अपाय."

आईनं गोळी गिळली. मला बाहेर काढून दार लावलं.

दोन दिवसांनी बाई दारात किरणं मोजायचं यंत्र घेऊन उभ्या राहिल्या. टिक, टिक. आईच्या दिशेनं दोन पावलं गेल्या, तर टिकटिक एकमेकींत मिसळून नुसती करकर झाली. मागे सरकल्या, आवाज विरळ झाला. मी बाईंच्या मागे उभा होतो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, वास नव्हता, ऊब नव्हती, आणि समोर बसलेल्या माझ्या आईतून काहीतरी बाहेर पडत होतं.

"मी वाजतेय?" आईनं विचारलं.

"तुम्हीच."

यंत्रावरचा आकडा पुरेसा उतरल्यावर घरी सोडलं. बजावलं, लहान मुलांपासून काही दिवस लांब, ताट-वाटी आणि संडास वेगळा. घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर गाडी थांबली, तशी माझी चार वर्षांची पोरगी धावत सुटली. आई गाडीतून उतरलेलीच.

"थांब! तिथंच थांब, बाय माजी!"

पोरगी थबकली. आई उलट्या पावलांनी गोठ्याच्या भिंतीपर्यंत गेली. मग रोज संध्याकाळी पोरगी ओट्यावर आणि आई अंगणाच्या पलीकडे बाजेवर, अशा त्यांच्या मोठ्यांदा गोष्टी चालायच्या. मध्ये म्हशी रवंथ करत. पोरीला जवळ घेता येत नव्हतं, म्हणून एवढ्या लांबूनही आईचा आवाज फार मऊ व्हायचा.

काही महिन्यांनी थोडंसं आयोडीन देऊन पुन्हा स्कॅन झाला. गोळी घेतल्यावर काढलेल्या पहिल्या फोटोत गळ्यापाशी ठिपके लखलखत होते. या फोटोत तिथं काहीच नव्हतं; आयोडीन खायला पेशीच उरल्या नव्हत्या.

"मंग ती किरणं गेली कुठं?" आईनं विचारलं.

"विझली. आठ दिवसांत निम्मी, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मी, अशी," बाई म्हणाल्या.

आई बराच वेळ दोन्ही फोटो बघत राहिली. मीही. माणसाच्या मुठीत मावणाऱ्या डबीतून निघालेलं, जवळ जायला भीती वाटणारं ते काहीतरी, नेमकं तेवढंच जाळून गेलं होतं.

परत येताना आई गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.