रोझलीनच्या हातचं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोरही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट सांगता येणार नाही.

आमचं घर मळवलीचं. सासरे – आबा – भातशेती करायचे, मी लोणावळ्यात शाळेत शिकवते. धाकट्या दिराने, संदीपने, वसईच्या रोझलीनशी लग्न केलं. ख्रिश्चन सून म्हणून आबा सुरुवातीला तिच्याशी बोलतही नव्हते. मग तिच्या हातच्या जेवणानेच ते विरघळले. "लय ग्वाड पोर हाय," असं माझ्यादेखत म्हणायचे. मला लागायचं ते. मी त्या घरात तिच्या कितीतरी आधी आलेली, मला असं कधी कोण म्हणालं होतं?

एका रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला येणार होते. रोझलीन टोमॅटोच्या झणझणीत रश्श्यात सॉसेज करणार होती. "चिकनचंच आणा हं ताई, आबांना दुसरं चालत नाही," तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. लोणावळ्याच्या दुकानात चिकनचं संपलं होतं. डुकराच्या मांसाचं होतं. पुढच्या दुकानात जाता आलं असतं – पण हातात पिशव्या, लोकलची वेळ झालेली... आणि कळणार कुणाला? घरी आल्यावर मी पाकीट गुपचूप फेकून दिलं, सॉसेज पातेल्यात काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने काही विचारलं नाही. का विचारावं तिने?

आबांनी पुन्हा वाढून घेतलं. नणंदेचा नवरा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. एक तुकडा खाऊन तो सहज म्हणाला, "पोर्क आहे ना हे?"

"पोर्क म्हंजी?" आबांनी विचारलं. त्याने सांगितलं.

रोझलीनने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी? मी तांब्या उचलला, भरलेल्याच पेल्यांत पाणी ओतत राहिले. नणंद म्हणाली, "त्यांच्यात चालतं, हिला काय त्याचं." शेवटी रोझलीनच म्हणाली, "माझं चुकलं, आबा."

मी घाबरले म्हणून गप्प बसले – असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. आबा ताटावरून उठले, तिचा चेहरा उतरला, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. हेच ते. हेच सांगायचं होतं.

त्यानंतर आबांनी तिच्या हातचं पाणीही सोडलं. थोड्याच महिन्यांत संदीप तिला घेऊन तळेगावला राहायला गेला. सणासुदीला ती यायची, ओट्याजवळ मात्र जायची नाही. तिने मला कधी जाब विचारला नाही. विचारला असता तर मी काय केलं असतं? बहुतेक नाकारलंच असतं.

गेल्या वर्षी आबा तळेगावला दवाखान्यात होते. अन्न जात नव्हतं. एका दुपारी रोझलीन डब्यात मऊ भात आणि कोंबडीचा पातळ रस्सा घेऊन आली. दाराशीच थांबली. "मी केलंय म्हणू नका ताई, नाहीतर खायचे नाहीत."

आबांना मी भरवलं. किती दिवसांनी चार घास नीट खाल्ले त्यांनी. म्हणाले, "कुनी केलंय गं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना – रोझलीनने केलंय म्हणून, आणि त्या रविवारचंही?

"मी," मी म्हणाले.

"ब्येस झालंय," आबा म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

बाहेर बाकावर रोझलीन बसली होती. दार उघडंच होतं, तिला सगळं ऐकू गेलं असणार. मी रिकामा डबा तिच्या हातात दिला. तिने तो पिशवीत ठेवला आणि विचारलं, "पोटभर खाल्लं का त्यांनी?"

मी हो म्हणाले.

त्याच आठवड्यात आबा गेले.