गाण्यांनी पुसलेला नकाशा

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे काय मी वेगळं सांगायला नको. लेकीला सातव्यात आणायचं ठरलं होतं. पण तिच्या सासरी भाताची लावणी आली, मग सासूबाईंचा पाय मुरगळला आणि बघता बघता आठवा सरत आला. त्यात गारगोटीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बीपी वाढलंय, आता कोल्हापूरला मोठ्या दवाखान्याजवळ राहा. नेमकी त्याच वेळी पावसानं अशी बैठक मारली की उठायचं नावच नाही. तिचं गाव गारगोटीच्याही पुढं, डोंगरात. जावईबापूंकडं मोटारसायकल, त्यावर दिवस भरत आलेली पोर कशी बसवायची? शेवटी आमची जुनी व्हॅन काढली आणि शिवाजी पेठेतनं मी आणि हे, दोघंच निघालो.

वाटेची काळजी मला नव्हती, कारण फोन होता. तेव्हा आत्तासारखं बोट लावलं की नकाशा हजर, असं नव्हतं बरं का. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं आपला जुना फोन ह्यांना दिलेला, उपग्रहावरनं जागा ओळखणारा. त्यात रस्ता दाखवणारं ॲप होतं, पण त्याला ठाऊक नुसते हमरस्ते. खेड्यापाड्यातले रस्ते हवे असतील तर नकाशा बाहेरनं आणून आत घालायचा. कुणा हौशी भटक्यांनी केलेला तसला नकाशा मुलानं इंटरनेटवरनं उतरवला, फोनच्या मेमरी कार्डात टाकला आणि ॲपला जोडून दिला. एकदा जोडला की रेंज नसली तरी चालायचं. मला तेच फार आवडलेलं. तिकडच्या डोंगरात रेंज असते कुठं?

गारगोटी मागं पडली. थोडं पुढं गेलो तर इरलं पांघरलेला एक म्हातारा हात आडवा करून रस्त्यात उभा.

"पावणं, कुठं निघालासा? फुडं वड्यावरची फरशी बुडलीया, ठेंगण्या पुलावरनं पाणी चाललंय. म्हशीसुदिक उतरंनात पाण्यात."

"दुसरी वाट न्हाय का?" ह्यांनी विचारलं.

"हाय की, वरच्या अंगानं. पर लई फाटं फुटत्यात. नव्या माणसाचं काम न्हवं त्ये."

मी म्हटलं, असू दे, आपल्याकडं नकाशा आहे. ह्यांच्या खिशातनं फोन घेतला, ॲप उघडलं. हमरस्त्याची एक रेघ दिसली आणि बाकी पडदा कोराकरकरीत.

"अहो, नकाशा कुठं गेला?"

"मला काय ठाऊक! मी हातसुद्धा लावला नाही."

"मग कुणी लावला?"

हे वायपरकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "परवा कार्डात गाणी भरून आणली, तेवढीच."

पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात तेव्हा गाणी भरून मिळायची, आणि भरायच्या आधी कार्ड साफ पुसायचे.

"म्हणजे नकाशा पुसून लावण्या भरल्या?"

"भजनं पण हायत की त्यात!"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते. पण लेक पाण्यापलीकडं होती, आणि पाणी वाढतच होतं.

गाडी माघारी वळवली. मोबाईलातला बॅलन्स संपलेला, पण गारगोटीच्या स्टँडजवळ एसटीडी बूथ होता, तिथनं मुलाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, कार्ड विसर. चालतंय का बघायला म्हणून आपल्या जिल्ह्याचा एक तुकडा मी आधी फोनच्याच मेमरीत टाकला होता. काढायचा राहिलाय बहुतेक. बाबांच्या हातात देऊ नकोस, तूच बघ."

मी शाळा फारशी केलेली नाही. इंग्रजी अक्षरं पोरांच्या पुस्तकांतनंच शिकले. एका कानाला रिसीव्हर धरून मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले. सेटिंग. नकाशे. बाहेरचा नकाशा जोडा. मग फोननं विचारलं, कार्ड का फोन?

"फोन. सापडली का फाईल?"

"एकच दिसतीय."

"तीच! खूण कर तिच्यावर. आता ॲप बंद करून परत उघड."

उघडलं. वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. हे माझ्या खांद्यावरनं डोकावत होते. आणि मुंग्यांची रांग निघावी तसे बारीक रस्ते पडद्यावर उमटायला लागले. त्यात लेकीच्या गावाचं नाव! मी एसटीडीवाल्यासमोरच रिसीव्हरमध्ये ओरडले, "आलं रे, आलं!"

पुढं रेंज गेली, पण बाण काही थांबला नाही. मी डावीकडं म्हटलं की हे डावीकडं वळायचे, उजवीकडं म्हटलं की उजवीकडं. लग्नानंतर इतकं मुकाट्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं! एका फाट्यावर मी चुकले, तर बाण रस्त्याच्या रेघेवरनं बाजूला सरकला. गाडी वळवून घेतली.

लेक सोप्यातच बसलेली, पाय सुजलेले. "आई, आलीस कुठनं गं? फरशी तर बुडलीय!"

"वरनं आलो," मी म्हटलं. "ऊठ, चल."

विहीणबाईंनी चहाचा आग्रह केला. मी त्यांचे हात धरून म्हटलं, बाळबाळंतिणीला सोडायला येते तेव्हा पोटभर पिते. आल्या वाटेनंच माघारी निघालो.

कोल्हापुरात थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ छान आहे, बीपीवर लक्ष ठेवू, पण बरं झालं आणलंत. मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी टोपी काढली, बाकावर टेकले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. येणारेजाणारे बघत होते. मी काही उठवलं नाही.