दर्या गोठला होता

आमच्या घरात सोनं बेताचं, जमीन त्याहून बेताची, किस्से मात्र पोत्यानं! साधा सत्यनारायण घालायचा म्हटलं तरी दोन-चार नवे किस्से जमा होतात, आणि जुने कुणी टाकून देत नाही. मग मागच्या डिसेंबरात आम्ही तीन पिढ्या मिळून काश्मीरला जायचं ठरवलं, तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच समजा. जाणं पाच दिवसांचं, ठरवणं चार महिन्यांचं! आता विचारलंतच तर चहा ठेवा. फोटो नंतर दाखवते.

पण आधी दर्या गोठल्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

*

माझे बाबा बोटीवर होते. मालवाहू बोटी, परदेशच्या. खलाशी म्हणून लागले, सारंग होऊन निवृत्त झाले. मी थोरली. माझ्या जन्माच्या वेळी ते रजेवर येणार होते. आई वाट बघून दमली. मी झाले, बारसं झालं, मी पालथी पडायला लागले, आणि तेव्हा कुठे बाबा ट्रंक घेऊन दारात उभे!

आईनं विचारलं, "कुठे होतात?"

बाबा म्हणाले, "अगो, दर्या गोठला होता. बोट अडकली."

आता सांगा, उठल्याबसल्या समुद्र बघणाऱ्या रत्नागिरीच्या बाईनं हे कसं ऐकून घ्यायचं? बाबांनी तिकडून पाठवलेलं पत्र बाबांच्या मागून आलं. त्यातही तेच, दर्या गोठलाय. आई म्हणाली, "खोटं बोलणारा माणूस दोन्हीकडे सारखंच बोलतो!"

तेव्हापासून आमच्याकडे न पटणाऱ्या कारणाला एकच नाव. माझा भाऊ उदय गणितात नापास झाला, "काय रे, दर्या गोठला होता काय?" गवंडी दोन दिवस आला नाही, "दर्या गोठला असेल!" पुढेपुढे सगळी आळी म्हणायला लागली. बाबाही हसायचे.

पण तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईची एक चुलत सासू पडवीत बसून बोलत होती. "पोरगी झाली असं कळलं, म्हणून आला नाय तो. दर्या कसला गोठतो!" आई तांदूळ निवडत होती. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. मला ते फार लागलं. बाबांनी मला कधी काही कमी केलं नाही, घरात पहिली सायकल आली ती माझ्यासाठी. तरी ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आईच्याही गेलं नव्हतं. आम्ही दोघींनी ते कधी तोंडावर आणलं नाही, एवढंच.

*

घरात पहिला फ्रीज आला तेव्हाची गोष्ट. शेजारीपाजारी बघायला आलेले. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आता आई पहिल्यांदा काय ठेवते म्हणून सगळे बघताहेत. आईनं शांतपणे एक तांब्या आणला आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. सकाळीच भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन भरून आणला होता. दर्याचं पाणी!

बाबा रजेवर घरी होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी तांब्या बाहेर काढला. पाणी धड पाणी नाही, धड बर्फ नाही, नुसतं रबरबीत. बाबा म्हणाले, "बघ! गोठायला लागलंय! व्होल्टेज कमी आहे म्हणून."

आई म्हणाली, "दर्याला पण व्होल्टेज लागतं काय?"

*

आता सहलीचं. माझी लेक मानसी पुण्यात नोकरी करते. तिनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'चलो डोंगर'. उदय म्हणाला महाबळेश्वर. माझा नवरा सतीश म्हणाला आंबोली, कारण तिथून संध्याकाळी घरी येता येतं. आईचं उत्तर ठरलेलं, "आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊ. भाकऱ्या घेऊ, सुकटीची चटणी घेऊ. हॉटेलात कशाला पैसे घालवता?"

"अगं आई, डोंगर बघायला जायचंय!"

"मग वारेच्या चढावर बसा."

बाबांना विचारलं. बाबा म्हणजे एकाचे दहा करून सांगणारे, पण त्या दिवशी म्हणाले, "मला काय विचारता? मी सगळ्या देशांच्या नुसत्या कडा बघितल्या. आत कधी गेलोच नाही." अर्ध्या जगाच्या बंदरांची नावं तोंडपाठ असलेला माणूस, आणि त्याला डोंगर माहीत नाही!

मग मानसीनं एक चूक केली. आजीला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पांढरा शुभ्र समुद्र, आणि त्यात एक बोट बर्फ फोडत चाललीय. बाबा खुर्चीवरून उठून आले. "हेच! अगो, असंच होतं!"

आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं. म्हणाली, "हल्ली ते एआय का काय ते असतं. परवा त्यात मांजर पोळ्या लाटत होतं."

सगळे हसलो. आई हसली नाही. चष्मा काढून म्हणाली, "मला हात लावून बघायचाय. खरोखरचा. पंचाहत्तरी आली, आता वर जायच्या आत एकदा ह्यांचं खरं-खोटं करायचंय. बर्फ असेल तिथे न्या, नायतर कुठेच नको."

ग्रुपवर मतदान झालंच नाही. काश्मीर ठरलं!

*

त्या दिवसापासून बाबांची झोप उडाली. रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर श्रीनगरचं तापमान! बाहेर रत्नागिरीत आम्ही घामानं निथळतोय, आणि बाबा पडवीतून ओरडताहेत, "आज शून्यावर आलं!" उणे दोन झालं त्या दिवशी त्यांनी खिशातून पैसे काढून उदयच्या पोरांना जिलेबी आणवली.

एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बेबी, तिकडे गोठतं ना गो नक्की? या वर्षी थंडी कमी पडलीय म्हणतात. नसेल गोठत तर तिकिटं रद्द करू. उगाच तिला दगदग."

पन्नास वर्षं हा माणूस चेष्टा ऐकून हसत होता, तो काही सहज हसत नव्हता. मी म्हटलं, "गोठेल हो बाबा." माझ्या हातात काय होतं? पण म्हटलं.

*

तारखा सतीशच्या. आंब्याची कलमं त्याची, आणि डिसेंबर-जानेवारी म्हणजे मोहोराचे दिवस. ढग आले, तुडतुडे पडले की फवारणी आलीच. सतीश म्हणाला, "पाच दिवस. वर एक तास नाही."

आई म्हणाली, "जावईबापू, मोहोर पुढच्या वर्षी परत येतो. सासू येत नाय!"

सतीशनं निमूट बॅग भरायला घेतली.

*

डॉक्टरांकडे नेलं दोघांना. बाबांचं बीपी बघितलं, ईसीजी काढला, ठीक म्हणाले. मग आईकडे वळले. "आजी, चढ चढताना दम लागतो का?"

"काय माहीत."

"असं कसं? चढताना मध्ये थांबावं लागतं का?"

"थांबून बघायला वेळ कुणाला होता, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जा. खुशाल जा."

*

स्वेटर घ्यायला बाजारात गेलो. दुकानदार मला ओळखतो. "ताई, स्वेटर? रेनकोट दाखवू? दोन पावसाळे गॅरंटी." शेवटी माळ्यावरून एक खोका काढला. त्यात पाच माकडटोप्या आणि एक स्वेटर, तोही लहान मुलाचा, सशाचं चित्र असलेला. बाकीचे मानसीनं पुण्याहून आणले.

आई स्वेटर घालून आरशासमोर उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "तुम्ही नाय घालून बघत?"

बाबा म्हणाले, "मला काय करायचाय? थंडी आम्हांला नवीन नाय!" हे त्यांचं नेहमीचंच. लाटा माडाएवढ्या, मासे होडीएवढे, आणि स्वतःला कधी काही झालेलं नाही!

*

विमानात आईला खिडकी दिली. अर्धा प्रवास ती डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. मग मानसीनं हलवलं, "आजी, बाहेर बघ."

आईनं बघितलं. खाली सगळं पांढरं. डोंगराच्या मागे डोंगर, त्याच्या मागे आणखी डोंगर, आणि त्यावर ऊन पडलेलं. कुठे घर नाही, झाड नाही. आम्ही नऊ जणं एकमेकांच्या खांद्यावरून खिडकीत घुसलो. एवढं मोठं काही जगात आहे आणि आपण कोकम वाळवत बसलो होतो!

आई हळूच म्हणाली, "बेबी, एवढं मीठ कुणी काढलं गो?"

पलीकडून बाबा म्हणाले, "मीठ नाय. बर्फ."

"लांबून काय कळतंय?" आई म्हणाली, पण खिडकीवरचं नाक तिनं उतरेपर्यंत काढलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर म्हणाला, तंगमर्गच्या पुढे द्रुंग म्हणून गाव आहे, तिथला धबधबा गोठलाय. आईनं कान टवकारले. "धबधबा? पडणारं पाणी गोठतं?"

भाड्याचे रबरी बूट चढवून निघालो. वाटेवर बर्फ, दोन्ही बाजूंना देवदार, पायाखाली करकर आवाज. ड्रायव्हरनं आईचा एक हात धरला, मी शाल सावरत दुसरा. बाबा मागून, स्वेटर न घालता नुसत्या जुन्या जाकिटात, उदयच्या खांद्यावर हात ठेवून येत होते. दर चार पावलांवर बर्फ टाचेनं दाबून बघायचे. सबंध रस्ताभर!

आणि मग वळण आलं.

काय सांगू तुम्हांला! मार्लेश्वरचा धबधबा तुम्ही बघितलाय. तसा तो पडत असताना कुणीतरी "थांब" म्हणावं आणि त्यानं ऐकावं, तसं. अख्ख्या कड्यावर पाणी जागच्या जागी उभं! वरपासून खालपर्यंत निळसर पांढऱ्या दांड्या लोंबताहेत. आत कुठेतरी बारीक झुळझुळ ऐकू येत होती, म्हणजे आतलं पाणी वाहतंच होतं. सतीशनं हात जोडले. उदयची पोरं कधी नव्हे ती मोबाईल खिशात ठेवून उभी राहिली. मला रडू आलं, का ते विचारू नका.

आई पुढे झाली. काठीनं बर्फावर टकटक केलं. मग हातमोजा काढला, कडेची एक दांडी मोडून घेतली आणि तोंडात घातली. आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय. बाबा तर श्वास धरून.

आई म्हणाली, "गोडा हाय हा."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगो, धबधब्याचं पाणी गोडंच असणार! दर्याचं खारं असतं. पण गोठतं. देवाशप्पथ गोठतं."

आई स्वतःच्या हाताकडे बघत होती. बर्फ धरलेला हात लालभडक झाला होता, बोटं मिटेनात. ड्रायव्हरनं त्याची कांगडी पुढे केली, म्हणजे त्यांची ती कपड्यांच्या आत धरायची छोटी शेगडी. तिनं ती घेतली नाही. हात तसाच उघडा धरून किती वेळ उभी राहिली.

मग बाबांकडे वळली. "तिथे ह्याच्यापेक्षा जास्त होती थंडी?"

"पुष्कळ."

"किती दिवस अडकलात म्हणालात?"

"अडीच-तीन महिने."

"मग अंगात काय होतं तुमच्या?"

बाबांना प्रश्नच कळला नाही आधी. पन्नास वर्षांत हा कुणी विचारलाच नव्हता. "कोट होता. तिघांत एक," ते म्हणाले. "डेकवर ज्याची पाळी, त्यानं घालायचा."

"आणि पाळी नसेल तेव्हा?"

माडाएवढ्या लाटा सांगणारे माझे बाबा खाली बुटांकडे बघत राहिले.

आईचा आवाज एकदम चढला. "पन्नास वर्षं दर्या गोठला, दर्या गोठला करत बसलात! तुम्हांला थंडी वाजली होती, हे एकदा तरी बोललात? जल्लं मेलं ते तोंड!" आणि तशीच माझ्याकडे वळून म्हणाली, "बेबी, बघत काय उभी राहिलीस? तुझी शाल काढ आणि घाल तुझ्या बाबांच्या अंगावर."